अभ्यासिकेचे सहा फोन : कामाची वही

८ मार्च २०२५

आवाहन केल्यावर सहा जुने फोन जमले. पोरांना प्रश्नपत्रिका वाचायला आणि सराव चाचण्या सोडवायला चार चालते फोन मिळाले तरी पुष्कळ. देणारा प्रत्येक जण टेबलावर फोन ठेवताना एकच वाक्य बोलत होता : "चालतोय, पण लई स्लो झालाय."

फोनांना अक्षरं दिली. क : २०१६चा, २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज. ख : २०१७चा, मागचं झाकण नखाने निघतं, बॅटरी हातात येते. ग आणि घ जुळे आहेत. दोन भावांनी २०१८च्या दिवाळीत एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे घेतलेले, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. धाकट्या अण्णांनी घ पाच वर्षं रोज वापरला. थोरल्या आबांना टचचा फोन काही जमेना, ते आठवड्यात बटणाच्या फोनकडे परतले आणि ग कपाटात गेला. दर दिवाळीत नात तो चार्ज करून त्यावरचा गेम खेळते, म्हणून बॅटरी जिवंत राहिली. त्याला वायफाय कधी जोडलेलंच नाही. हे दोन फोन पाहून माझा उत्साह दुप्पट झाला, कारण असा जुळ्यांचा प्रयोग मुद्दाम ठरवूनही जमत नाही.

च : बॅटरी फुगून पडद्याची कड वर आलीय. तो बंद करून घराबाहेर पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवला. छ : मेलेला.

मदतीला अभ्यासिकेतलाच एक पोरगा आहे, पीएसआयची तयारी करतोय. त्याने निवाडा आधीच देऊन टाकलेला : "सर, कंपन्या अपडेट पाठवून मुद्दाम स्लो करतात. नवीन घ्यावा म्हणून. सगळ्यांना माहितीय." खरं सांगायचं तर माझंही मत फार वेगळं नव्हतं. म्हणून ही वही.

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवतो. प्रोसेसर म्हातारा होऊन हळू धावत नाही. पहिल्या दिवशी ज्या वेगाने त्याचं घड्याळ टिकटिकत होतं, त्याच वेगाने आठ वर्षांनीही टिकटिकू शकतं. तेव्हा फोन मंद वाटत असेल तर तीनच शक्यता उरतात. त्याच्यावर काम जास्त पडतंय, किंवा कुणीतरी त्याचा लगाम ओढतंय, किंवा तो दुसऱ्या कुणाची वाट बघत बसलाय.

९ मार्च

मोजायची पद्धत ठरवली. फोन सुरू होऊन पडदा हाताला साथ देईपर्यंतचे सेकंद. ४० एमबीची प्रश्नपत्रिकेची पीडीएफ उघडायला लागणारा वेळ. ५०० एमबीचा व्हिडिओ फोनमधल्या फोनमध्येच कॉपी करायला लागणारा वेळ. प्रत्येक गोष्ट पाचदा करायची आणि मधला आकडा धरायचा. पीडीएफसाठी माझ्या फोनने व्हिडिओ काढून फ्रेमा मोजतो. स्टॉपवॉचवर आपला अंगठाच अर्धा सेकंद खातो.

सगळं सकाळी सात ते नऊमध्ये. एका वेळी एकच बदल. पोरगा म्हणाला, "सर, सरळ सगळ्यांना रीसेट मारू की." मारू, पण मग काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

१२ मार्च

फोन क. मालक म्हणाले अपडेटने वाट लावली. सेटिंग उघडून बघितलं तर सिस्टिमचं एकही मोठं अपडेट त्याला कधी आलेलंच नाही. कारखान्यातून निघाला तसाच आहे.

१६ जीबीपैकी मोकळे होते ३८० एमबी. व्हॉट्सअॅपच्या फोल्डरात जवळपास तीन हजार चित्रं : सूर्योदय, चहाचा कप, गुलाब, शुभ सकाळ, शुभ गुरुवार, स्वामी समर्थ. हसलो, पण हा प्रकार फक्त आमच्या बार्शीचा नाही. गूगलच्या लोकांनी भारतात फोन का अडकतात हे शोधलं तेव्हा हीच चित्रं सापडली, आणि डिसेंबर २०१७मध्ये आलेल्या त्यांच्या फाइल्स गो या अॅपमध्ये ती हुडकून पुसायची सोय त्यातूनच आली.

५०० एमबी कॉपी करायला क ने १ मिनिट ५२ सेकंद घेतले.

जागा भरली की वेग का जावा, हे पोराला पाटीवरून समजावलं. फोनमधली फ्लॅश मेमरी म्हणजे पाट्यांचा ढीग. पाटीवर ओळ ओळ लिहिता येते, पण एकच ओळ पुसता येत नाही. पुसायची तर अख्खी पाटी धुवावी लागते. त्या पाटीवर अजून हव्या असलेल्या ओळी असतील तर त्या आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या आणि मग ही धुवायची. कोऱ्या पाट्या भरपूर असताना हे काम मागच्या मागे उरकतं. कोरी पाटी एकच उरली की चार अक्षरं लिहायलाही आधी उतरवा, मग धुवा, मग लिहा. तोवर प्रोसेसर हात बांधून उभा.

यात आणखी एक मेख आहे. आपण फाइल डिलीट केली तरी फ्लॅशच्या कंट्रोलरला, म्हणजे या पाट्या सांभाळणाऱ्या चिपला, ते आपोआप कळत नाही. तो त्या ओळी कामाच्या समजून इकडून तिकडे उतरवत राहतो. "हे आता नको" हे त्याला सांगण्याच्या आज्ञेला ट्रिम म्हणतात. अँड्रॉइड ४.३ने, म्हणजे २०१३ साली, फोन रिकामा असताना ती आपणहून चालवायला सुरुवात केली. ती येण्याआधी २०१२चा नेक्सस ७ टॅब्लेट काही महिन्यांत रखडायला लागायचा, त्यामागे हेही एक कारण होतं.

साडेसहा जीबी मोकळे केले. बाकी काही केलं नाही. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला.

१३ मार्च

तीच कॉपी : ४१ सेकंद. सुरू व्हायचा वेळ ८८ वरून ६९ वर.

पोरगा गप्प. मग म्हणाला, "हा एकच असेल असा."

१६ मार्च

फोन ख. तक्रार : स्लो आहे, आणि ३० टक्के बॅटरी असताना फोटो काढायला गेलं की बंद पडतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघेल असं वाटलं होतं. निघालं नाही.

बॅटरी बाहेर काढून मल्टिमीटर लावला : ३.८२ व्होल्ट. छान. मग ४.७ ओहमचा पाच वॅटवाला सिमेंटचा रेझिस्टर जोडला. आकडा सरळ ३.५० वर बसला. पाऊण अँपिअर मागितला तर तिसरा हिस्सा व्होल्ट आतच जिरला, म्हणजे अंतर्गत रोध, बॅटरीच्या आतच विजेला होणारा अडथळा, ०.४३ ओहमच्या आसपास. बाजारातून आणलेली नवी बॅटरी त्याच रेझिस्टरवर ३.८४ वरून ३.७६ वर थांबली. तिचा रोध ०.१ ओहम.

फ्लॅश, कॅमेरा आणि प्रोसेसर एकदम जागे झाले की फोन क्षणभर दोन अँपिअर मागू शकतो. जुन्या बॅटरीत तेव्हा ०.८६ व्होल्ट आत जिरतील आणि बाहेर तीनच्या खाली उरेल. त्याला फोन बंद पडणारच. टाकीत पाणी आहे, पण नळाच्या पाइपात क्षार साचलेत. एक नळ सोडला तर ठीक, तिन्ही सोडले की वरच्या मजल्यावर थेंब नाही. लिथियमच्या बॅटरीत वयाने हेच होतं. साठा कमी होतो हे सगळ्यांना दिसतं, धार बारीक होते हे कुणी बघत नाही. उष्णता, आणि कायम १०० टक्क्यांवर टांगून ठेवणं, या दोन्हींनी हे लवकर होतं. थंडीत रोध आणखी वाढतो.

नवी बॅटरी घातल्यावर बंद पडणं थांबलं. वेग मात्र तसूभरही बदलला नाही. गीकबेंच या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या अॅपचा आकडा जुन्या-नव्या दोन्ही बॅटऱ्यांवर जवळपास सारखाच. या फोनला लगाम नाही. तो दम लागला की सरळ खाली बसतो.

२० मार्च

आज फोनला हात लावला नाही. रेझिस्टरचा प्रयोग पाहून पोराने नेमकं विचारलं : "सर, मग फोन बंद पडू नये म्हणून कंपनीने आधीच वेग कमी केला तर?"

शाबास. असं घडलेलं आहे. ती हकीकत इथे लिहून ठेवतो, कारण "मुद्दाम स्लो करतात" या समजुतीला जो खरा आधार आहे तो हाच.

जानेवारी २०१७मध्ये ॲपलने आयओएस १०.२.१ हे आयफोनच्या सिस्टिमचं अपडेट काढलं. आयफोन ६ आणि ६एस अचानक बंद पडत होते, ते त्यानंतर कमी झाले. कसे, ते कुणाला नीट सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये रेडिटवर एकाने लिहिलं की आपल्या ६एसची फक्त बॅटरी बदलली आणि गीकबेंचचा आकडा १४६६ वरून २५२६ वर गेला. मग १८ डिसेंबरला गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्सच्या जॉन पूल यांनी हजारो फोनांच्या आकड्यांचे आलेख मांडले. जुन्या आयओएसवर सगळ्या ६एसचा एकच उंच सुळका, पण १०.२.१ नंतर खालच्या आकड्यांवर वेगळे छोटे उंचवटे. फोन वयाने झिजून मंद झाले असते तर आलेख नुसता पसरला असता. ठरावीक पायऱ्यांवर गर्दी दिसतेय याचा अर्थ कुणीतरी पायऱ्या बांधल्यात. दोनच दिवसांत ॲपलने मान्य केलं आणि २८ डिसेंबरला माफी मागितली. वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलून द्यायचा अमेरिकेतला दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८च्या आयओएस ११.३मध्ये बॅटरीची तब्येत दिसायला लागली आणि हा लगाम काढायची मुभाही मिळाली. फेब्रुवारी २०२०मध्ये फ्रान्सने ग्राहकांना न सांगितल्याबद्दल अडीच कोटी युरोचा दंड केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

माझं मत : लगाम घालणं इंजिनिअर म्हणून मला पटतं. धार बारीक झालेल्या बॅटरीवर दुसरा इलाजही नाही. पण मालकाला "बॅटरी बदल, फोन ठणठणीत आहे" हे न सांगणं म्हणजे तपासणीचा कागद दडवून पेशंटला "वय झालं" म्हणून घरी पाठवणं. २९ डॉलरच्या कामासाठी कितीतरी जणांनी नवा फोन घेतला असणार.

पोराचा चेहरा विजयी. "म्हटलं होतं ना सर!"

म्हटलं होतंस, पण हे एका कंपनीचं, बॅटरीपुरतं झालं. दर अपडेट फोन मारायला येतं हे यातून सिद्ध होत नाही. २०१४ साली असंच एक सुचवलं गेलं होतं. नवा आयफोन आला की लोक गूगलवर "आयफोन स्लो" जास्त शोधतात, सॅमसंगच्या नव्या फोनांच्या वेळी तसं होत नाही. वाचायला भारी. पण नवा आयफोन आणि नवं आयओएस एकाच महिन्यात येतात. अँड्रॉइडचं तसं नाही. शोध वाढण्याचं कारण कट असू शकतो, जड अपडेट असू शकतं, किंवा शेजाऱ्याच्या हातात नवा फोन दिसल्याने आपला रटाळ वाटणंही असू शकतं. उलट २०१८चं आयओएस १२ घ्या. ते २०१३च्या आयफोन ५एसवरही चालायचं, आणि त्याने जुने फोन चटपटीत झाले.

चहा गार झाला. उद्यापासून परत काम.

२९ मार्च

जुळे. दोन्हींच्या बॅटऱ्या ठीक, दोन्हींवर लगामाची खूण नाही.

ग (कपाटातला, अँड्रॉइड ८.१) : सुरू व्हायला ३१ सेकंद, पीडीएफ १.४ सेकंदात.

घ (रोजचा, अँड्रॉइड १०) : सुरू व्हायला ६६ सेकंद, पीडीएफ ४.१ सेकंदात.

एकाच दुकानातले, एकाच दिवशीचे दोन फोन. मधले ३५ सेकंद कुठे गेले, हा या वहीचा खरा प्रश्न.

३० मार्च

गुढीपाडवा. अभ्यासिका बंद.

२ एप्रिल

अण्णांची परवानगी घेऊन, त्यांचे फोटो संगणकावर उतरवून घ ला रीसेट मारला. एक ध्यानात ठेवायचं : रीसेट म्हणजे फोन दुकानातून आणला तसा होत नाही. आपला पसारा जातो, सिस्टिम मात्र शेवटच्या अपडेटचीच राहते. म्हणजे आता घ वर स्वच्छ अँड्रॉइड १०.

सुरू व्हायला ४३ सेकंद. पीडीएफ १.९.

तेवीस सेकंद निव्वळ पसाऱ्याचे. अण्णांच्या फोनवर ९४ अॅप होती, त्यातली बरीच फोन सुरू होताच आपणहून उठून बसणारी : तीन पेमेंटची, दोन बातम्यांची, एक फ्लॅशलाइटचं (फोनमध्ये टॉर्च असताना!), एक बॅटरी वाचवतो म्हणणारं. हे शेवटचं तर स्वतःच सारखं जागं राहून बॅटरी खात होतं.

५ एप्रिल

आता ग ला आयुष्यात पहिल्यांदा वायफाय. अपडेट आलं. आधी ९, मग १०. रात्री साडेनऊला काम संपलं. लगेच मोजलं : ५८ सेकंद, मागचा भाग हाताला चटका देण्याइतका गरम. पोरगा उभाच राहिला. "बघा! डोळ्यासमोर मारला."

मीही क्षणभर डगमगलो. पण नियम सकाळी मोजायचा आहे.

६ एप्रिल

सकाळी, रात्रभर चार्जिंगवर : ४१ सेकंद. पीडीएफ १.८.

रात्रीचं मंदपण अपडेटचं ओझं नव्हतं, अपडेटनंतरची आवराआवर होती. अँड्रॉइड ५पासून, म्हणजे २०१४पासून, अॅपचं भाषांतर प्रोसेसरच्या बोलीत आधीच करून ठेवायची पद्धत आहे. सिस्टिम बदलली की जुनी भाषांतरं रद्द होतात आणि ती पुन्हा करावी लागतात. आयफोनही अपडेटनंतर फोटो आणि शोधाची यादी नव्याने लावत बसतो. लोक नेमके त्याच संध्याकाळी फोन पारखतात आणि त्याला कायमची शिवी चिकटते.

हिशेब मांडला. एकूण फरक ३५ सेकंद. पसारा २३. सिस्टिमची दोन मोठी अपडेटं १० (ग चा ३१ चा ४१ झाला). उरले २. स्वच्छ केलेला घ ४३ आणि अपडेट केलेला ग ४१, हा पाच वर्षांच्या वापराचा, फ्लॅशच्या झिजेचा हिस्सा असावा. दोन सेकंद तर मोजण्याच्या चुकीतही बसतात, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

पोराने वही स्वतःकडे ओढून घेऊन बेरीज तपासली. "दहा आहेत की पण अपडेटचे." आहेत. एक तृतीयांशाला जरा कमी. ३१ चे ४१ म्हणजे ज्याचा त्याला जाणवेल इतका फरक, आणि तो काढून टाकायचं बटण कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. नव्या सिस्टिममध्ये जास्त पहारे, जास्त परवानग्या, जास्त सजावट. ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर यंदाचा फोन असतो, आबांचा नसतो. इटलीने ऑक्टोबर २०१८मध्ये याच मुद्द्यावर सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता. २०१६च्या नोट ७साठी बांधलेली सिस्टिम २०१४च्या नोट ४वाल्यांच्या गळ्यात मारली, परिणाम नीट सांगितले नाहीत, असा ठपका होता. त्याच वेळी ॲपललाही १ कोटी. तेव्हा अपडेट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ते टाळा असंही म्हणणार नाही. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या फटी उघड झाल्या, त्या बुजवताना काही यंत्रांचा थोडा वेग गेलाच. पण ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो त्याची फट उघडी ठेवण्यापेक्षा तेवढं मी सोसेन.

१२ एप्रिल

वाटलं होतं जुळ्यांचं काम संपलं. नाही.

दोन्हींवर आजची अॅप चढवली : ब्राउझर, निरोपांचं एक, चाचणीचं एक, पीडीएफचं एक. सुरू होणं, उघडणं जवळपास तसंच. पण चाचणी सोडवताना मध्येच पीडीएफ बघून परत आलं की चाचणी पुन्हा पहिल्यापासून लोड. चार सेकंद, दर वेळी. पोरं वैतागणार ती इथे.

३ जीबी रॅमपैकी दीडच्या वर सिस्टिमच घेते. उरलेल्या जागेत दोन मोठी अॅप मावत नाहीत. अँड्रॉइड मग आधी मेमरीतलं सामान दाबून दाबून बसवतो, त्यात प्रोसेसर खर्ची पडतो, आणि तरीही मावलं नाही तर मागच्या अॅपला बाहेर काढतो. २०१८ साली याच ३ जीबीत चारपाच अॅप सुखाने नांदत. सिस्टिमचं अपडेट बंद करून हे थांबत नाही, कारण अॅप स्वतःच आपापली अपडेट होत असतात. फोन क चं गणितही इथेच सुटलं. त्याचे मालक "अपडेटने वाट लागली" म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त ते अपडेट फोनचं नव्हतं.

इलाज साधा केला. निरोपांचं अॅप काढलं, अभ्यासिकेत त्याचं काम काय? चाचणी ब्राउझरमध्येच चालते, तिचं वेगळं अॅप काढलं. ॲनिमेशनचा वेळ डेव्हलपर सेटिंगमधून निम्मा केला. याने फोन खरा वेगवान होत नाही, पण डोळ्यांना होतो. वापरणाऱ्याला तेवढं पुरतं.

१९ एप्रिल

दुपारी तीन, पत्र्याखालची खोली, भिंतीवरचा थर्मामीटर ३९ दाखवतोय. सकाळी ठणठणीत असलेला घ गीकबेंचला पाव भागाने खाली. हा लगामही फोन स्वतःच ओढतो, चिप तापून जळू नये म्हणून. निवल्यावर पूर्ववत. फोनचं जाड रबरी कव्हर काढल्यावर थोडं सुधारलं, पंख्याखाली ठेवल्यावर बरंच.

पोराने न विचारता ख फ्रिजमध्ये ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेला आतून दव. मी ओरडलो. तांदळाच्या डब्यात ठेवू का म्हणाला, आणखी ओरडलो. बॅटरी काढून दिवसभर पंख्याखाली सुकवला. वाचला.

२६ एप्रिल

हिशेब : क, ख, घ तयार. च ची फुगलेली बॅटरी ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवली, छ सोबत. ख मंद का, याचं उत्तर अखेर क सारखंच निघालं : स्टोरेज ९७ टक्के भरलेलं. लग्नाचे तीन व्हिडिओ, तेही प्रत्येकी दोनदा.

ग उरला. तो द्यायच्या आधी रीसेट मारायला हवा, आणि रीसेट मारला की नातीचा २०१८चा गेम जाईल. आज शोधून बघितलं, त्या गेमची आताची आवृत्ती या फोनवर उतरायलाच तयार नाही. जुनी मात्र अजून टिचकीसरशी उघडते.

आबांना फोन लावला. त्यांनी सरळ नातीच्या हातात दिला. ती म्हणाली, "काका, तुम्ही त्याला अपडेट का केलं?"

तीन फोनांवर भागवतो. ग सोमवारी परत.